केळ्यांचं खोकं आणि चौदावी साखळी

आमच्या रावेरच्या माणसाला रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाता येत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बँकेत सही करायला गेले तरी पिशवीत केळ्यांच्या दोन फण्या असायच्या. जळगावला माझ्या प्रयोगशाळेत यायचे तेव्हा तर पुठ्ठ्याचं अख्खं खोकं.

तिथे मी जनुक पेशीत पोचवणारं वाहन बनवत होते. म्हणजे प्लास्टिकच्याच जातीची, पण शरीरात विरघळून जाणारी एक साखळी. ती जनुकाला कवटाळते, दोघांचा बारीक गोळा होतो आणि पेशी तो गिळते. साखळीवरचा विद्युतभार जास्त झाला की पेशी मरते, कमी झाला की जनुक वाटेतच सुटतं. आबा म्हणाले, म्हणजे पॅकिंगच की. आवळून बांधलं तर माल काळा पडतो, सैल ठेवलं तर घासतो. मला एवढं कौतुक वाटलं, की मी भेटेल त्याला ते सांगत सुटले.

तेरा साखळ्या फसल्या. चौदावी जमेल असं वाटत होतं, पण शिष्यवृत्तीचे तीनच महिने उरले होते. ते संपले की गाशा गुंडाळून घरी. अशा ऐन मे महिन्यात आबा इमारतीच्या पायरीवर खोकं ठेवून, मला फोन करून परस्पर निघून गेले. बाहेर केळ्यांची पार उकडहंडी झाली असती. गार खोली एकच, पेशी वाढवायची. तिथे खाण्याची वस्तू न्यायची नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं. कळत मलाही होतं, पण केळी टाकवेनात. खोकं कोपऱ्यात सरकवलं. चौथ्या दिवशी पेशींच्या सगळ्या बश्यांत बुरशी, पुठ्ठ्यातून आलेली. एकूण एक पेशी गेल्या.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकेक बशी स्वतः उचलून टाकली, त्याने मी आणखी भडकले. आबांना फोन लावला आणि म्हटलं, तुमच्या केळ्यांनी माझं काम मातीत घातलं. ते नुसतं "बरं" म्हणाले. माझी जीभ कशी झडली नाही तेव्हा!

बाईंनी दुसरीकडून पेशी मागवल्या. मी खोली घासूनपुसून काढली आणि पुन्हा सुरुवात केली. मुदत संपायला आठ दिवस असताना सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा उजेड दिसला. जनुक आत पोचलं की पेशी हिरवी चमकते, तशी आम्ही सोयच केलेली असते. पहिला फोन आबांना केला, या म्हटलं.

आले ते दारातच थांबले. हात कोपरापर्यंत धुतलेले, पाणी निथळत होतं. खोकं खाली वॉचमनपाशी ठेवलंय, वर आणलेलं नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी खोकं आत मी नेलं होतं."

त्यांनी डोळा काढला नाही. "मी तं पायरीवर ठिवलं होतं, पोरी. आत कोनं नेलं, ते मले तव्हाच समजलं होतं."