नाटकाची अक्षरं

“काकी, आज नाटक कितक्या वाजता गो?” माझ्या नवऱ्याच्या बाराव्याला रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने विचारलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात श्रद्धांजलीचा बॅनर होता, पण त्यावरची तांबडी, फुगीर, पिवळ्या काठाची अक्षरं दशावतारी नाटकाच्या बोर्डावर असतात तशी होती.

ती मीच करून घेतली होती. डिचोलीच्या दुकानातली बॅनर करणारी मुलगी मान मागे घेऊन, एक डोळा मिटून स्क्रीनकडे बघायची. तिने आधी बारीक काळी अक्षरं लावली आणि चारी बाजूंना जागा सोडली.

“एवढी जागा फुकट कशाला?”

“ह्याला मार्जिन म्हणतात, आजी. फोटोला जरा एकटं राहू दे.”

“आणि अक्षरं अशी मरतुकडी? जाड कर, तांबडी कर.”

“अक्षराच्या वळणाला आम्ही फॉन्ट म्हणतो. तुम्ही सांगता तो फॉन्ट ओरडतो. घरात माणूस गेलाय ना?”

“मला शिकवू नको.”

तिने अक्षरं जाड, तांबडी केली, पिवळा काठही लावला. छापायला देण्याआधी तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

उन्हं उतरेपर्यंत मी दारात उभी राहून लोकांना सांगत होते, “नाटक नाही. माझा नवरा गेला.”