शिडीचं वजन

जावयाला तोंडावर ‘ढ’ म्हणणारी सासू अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि ती माझ्या वाट्याला आली आहे. इतरांच्या सासूबाई जावई दारात दिसला की चहाचं आधण ठेवतात. माझ्या सासूबाई पेन्सिल शोधतात. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण गुरुत्वाकर्षण काही त्यांना सोडायला तयार नाही. हडपसरच्या मंडईत एकदा त्यांनी भाजीवाल्याला, किलो हे वस्तुमान असतं, वजन नव्हे, हे इतक्या तळमळीने समजावलं की तो म्हणाला, “मावशी, चंद्रावर मेथी हलकी व्हते म्हंता, मंग भाव बी उतरतो का?” प्रश्न त्यांना एवढा आवडला की नको असताना दोन जुड्या घेऊन आल्या.

मी हिंजवडीतला इंजिनिअर. त्यामुळे अकरावीतल्या लेकीने बलांच्या समतोलाचं गणित पुढे केलं तेव्हा मी ऐटीत “आण इकडे” म्हणालो, आणि संध्याकाळी आम्ही दोघंही सासूबाईंच्या टेबलापाशी विद्यार्थी म्हणून बसलो होतो. मग दर रविवारचं तेच. “अरे ढ गोळ्या, आधी बाण काढ! कुठलं बल कुठे लागतंय ते न बघता आकडेमोड केलीस तर हात मोडीन.” टेबलाच्या कडेबाहेर थोडी पट्टी काढून तिच्यावर त्या पाण्याची वाटी ठेवायच्या, ती हळूहळू बाहेर सरकवायच्या आणि विचारायच्या, “कधी पडेल?” माझं उत्तर येण्याआधी वाटीच खाली यायची. लेक खिदळायची, मी फरशी पुसायचो. बाप म्हणून उरलीसुरली अब्रू वाचवायला शेवटी मी कंपनीच्या बसमध्ये चोरून अभ्यास सुरू केला.

मागच्या महिन्यात भिंतीला टेकलेल्या शिडीचं गणित निघालं. सासूबाईंनी भराभर बाण काढले, उत्तर लिहिलं. शिडीचं स्वतःचं वजन धरायचं राहिलं होतं. मी जवळजवळ ओरडलोच, “आई, चुकलं! शिडीचं वजन कुठाय?” आणि लेकीकडे टाळी मागितली. तिने दिली नाही. सासूबाईंनी कागदावरचे बाण बोटाने पुन्हा मोजले. “हो की,” म्हणाल्या. मग पेन्सिल खाली ठेवत, “हे मी कधी विसरत नव्हते.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका टाळीसाठी मी काय करून बसलो होतो!

पुढच्या रविवारी टेबलावर कागद नव्हता. श्रीखंड होतं, चांदीची वाटी होती. “या जावईबापू, ऑफिस काय म्हणतंय? पोरीचं आता तुम्हीच बघा.” त्या आग्रह करकरून वाढत होत्या. शेवटी मी खिशातून एक गणित काढलं. मला ते येत होतं. तरी म्हणालो, “आई, हे अडलंय.”

त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

“सोपं आहे हो, तुम्हाला जमेल,” त्या म्हणाल्या, आणि मला आणखी एक पुरी वाढली.