लीलाबाईंचे दोन रकाने

दुपारी दोनची घंटा दिली की लीलाबाई कोणाशी एक शब्द न बोलता शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे जात. तिथं भिंतीच्या सावलीत माझ्या भूगोल मंडळाचा तापमापक टांगलेला होता. डोळे बारीक करून त्या पारा बघत, कमरेला खोचलेली वही काढत आणि आकडा लिहीत. वहीत दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'आपलं' आणि दुसऱ्यावर 'त्याचं'. दुसरा रकाना त्या सकाळी भरत, स्टाफरूममधल्या पेपरातून. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप असलं, तरी हा नेम चुकत नसे; पेपर तेवढा चहाच्या टपरीवरचा असे.

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या त्या शाळेत मी भूगोल शिकवायला गेलो तेव्हा लीलाबाई तिथं शिपाई होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक, चालणं असं की मागून हाक मारायचा धीर होऊ नये. दुसऱ्या रकान्यातलं गाव महाबळेश्वर आहे हे माझ्या लवकरच लक्षात आलं. मला वाटलं, मुलगा असेल तिकडं नोकरीला. आईला काळजी असते.

मलाही आकड्यांचा नाद होताच. निवृत्तीनंतर कुठं राहायचं हे ठरवण्यासाठी मी पेपरातली तापमानं कापून ठेवत असे. नाशिक, कोल्हापूर, चिखलदरा, महाबळेश्वर. दिवसाचा पारा, रात्रीचा पारा, दोन्हींतलं अंतर, पाऊस. आलेखावर रंगीत रेषा काढायच्या आणि दर महिन्याला नवं गाव आवडतं ठरवायचं. बायको म्हणायची, "आधी पंखा दुरुस्त करा." माझं ऐकून घेणारं माणूस एकच, लीलाबाई. आणि त्या एकेक गाव निकालात काढत.

"नाशिक बरं दिसते सर. पन थंडीत तुमचे गुडघे काय म्हनतीन?"

"कोल्हापूर?"

"पानी लय. तुमचे कागद सडतीन."

"चिखलदरा?"

"धुकं राह्यते तिथं. धुक्यात मानसाचं तोंड दिसत नाई. मले तोंड पाहाले लागते."

एकदा मी म्हणालो, "मग महाबळेश्वरच बरं. वर्षभर पारा कसा शहाण्यासारखा वागतो बघा."

त्यांनी वही मिटली. "तिथं नका जाऊ सर. तिथं तो राह्यते."

त्या दिवशी मला सगळं कळलं.

लीलाबाईंचा नवरा श्रावण गावाबाहेरच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये हमाल होता. मी देवळीला येण्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट. मे महिना होता, टिनाच्या शेडमध्ये रुईच्या गाठी ट्रकवर चढवायचं काम चाललं होतं. दुपारी बारा वाजता हमालांनी थोडं थांबायचं म्हटलं. मॅनेजर म्हणाला, "गाडी भरल्याशिवाय कोणी हलायचं नाही." पाणी प्यायला जायचं तरी कार्यालयाजवळच्या माठापर्यंत जावं लागे, तेही त्यानं बंद केलं. तीनच्या सुमाराला श्रावण गाठीसकट खाली आला. वर्ध्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता.

चौकशी झाली. मॅनेजरनं लिहून दिलं की त्या दिवशीचं तापमान या भागात नेहमीचंच होतं, आणि सोबत पेपरातलं कात्रण जोडलं. खाली एक ओळ घातली: 'मयत दारू प्यायलेला होता.' चौकशी तिथंच संपली.

"सर, त्यायचा बाप मोहाच्या दारूनं मेलता," लीलाबाई म्हणाल्या. "म्हनून या मानसानं जनमभर थेंब तोंडाले लावला नाई. लग्नात सोयरे हट्ट करत तर उठून जाये. आन् मेल्यावर त्याले दारूडा केलं."

ती एक ओळ कागदावर राहिली नाही, गावभर फिरली. मुलीचं लग्न पुलगावला ठरत आलं होतं. त्या लोकांनी निरोप पाठवला, दारूड्याच्या घरची मुलगी नको. पुढं ती मुलगी नर्सिंग शिकली, नागपूरला लागली, पण लग्नाचं नाव काढू देईना. मॅनेजर मात्र निवृत्त होऊन महाबळेश्वरला थंड हवेत घर बांधून राहिला.

"रोज पाह्यतो मी," त्या म्हणाल्या. त्या स्वतःबद्दल बोलताना 'पाह्यतो, करतो' असंच म्हणत. "आपल्या इथं अंग भाजून राह्यलं आन् तो तिथं शाल घेऊन बसला असन. इसरू नाई म्हनून लिवतो. ऊन मारत नाई सर. उनात उभं करनारा मारते."

मी नरम माणूस. म्हणालो, "लीलाबाई, इतकी वर्षं राग धरून ठेवणं बरं नाही. तुम्हालाच त्रास."

"मलेच होऊ द्या ना. दुसरं कोन करन त्याच्यासाठी?"

मग त्यांनी मला कामाला लावलं. पेपरातला आकडा सावलीतला, मोकळ्या हवेतला. टिनाखालचा आकडा कोणी मोजला होता? त्यांना तो मोजायचा होता. मी त्यांना लाकडी पाठीचा एक तापमापक आणून दिला आणि शिकवलं: पत्र्याला लावायचा नाही, पाऱ्याच्या फुग्याला हात लावायचा नाही, माणसाच्या छातीच्या उंचीवर दहा मिनिटं ठेवायचा, मगच वाचायचा.

"छातीच्याच उंचीवर ठेवीन," त्या म्हणाल्या आणि हात आपल्या कपाळाजवळ नेला. "श्रावणची छाती इथं लागे मले."

सलग चार उन्हाळे सुट्टीत लीलाबाई त्याच जिनिंगमध्ये झाडायच्या कामावर गेल्या. तापमापक पदराखाली. शेडमधला पारा पेपरातल्या आकड्यापेक्षा रोज सहा-सात अंशांनी वर असे, कधी त्याहून जास्त. मी अर्ज लिहिले. कामगार कार्यालयातून उत्तर येई की प्रकरण जुनं आहे, आता काही मिळणार नाही. लीलाबाई मला पुन्हा लिहायला बसवत. "त्यायले सांगा, मले काई मागाचंच नाई. कागदावरची एक ओळ खोडाची आहे."

शेवटी कामगार कार्यालयात एक नव्या बाई अधिकारी आल्या. त्यांनी चारही उन्हाळ्यांच्या वह्या पानन् पान वाचल्या. त्याच सुमाराला मॅनेजर बहिणीच्या घरच्या लग्नासाठी वर्ध्याला आला असल्याची बातमी जिनिंगच्या चौकीदाराकडून लीलाबाईंना कळली. मेचा तिसरा आठवडा होता. अधिकारी बाईंनी त्याला जागेवर जबाब द्यायला बोलावलं. वेळ लीलाबाईंनी मागून घेतली: दुपारी एक.

तो गाडीतून उतरला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. सत्तरी ओलांडलेला, गोरा, पांढरा शर्ट, हातात रुमाल. लीलाबाईंकडे बघून तो म्हणाला, "किती वर्षांपूर्वीची गोष्ट, बाई. सोडून द्यायला हवं होतं." छातीएवढ्या उंचीच्या गाठींवर लीलाबाईंनी तापमापक ठेवला आणि बाजूला पाण्यानं भरलेला पितळी गुंड, म्हणजे छोटी घागर, झाकून ठेवला.

अधिकारी बाई दहा मिनिटं टिकल्या. चक्कर येतेय म्हणून, मॅनेजरला तिथंच जबाब लिहायला सांगून, चौकीदाराबरोबर कार्यालयातल्या पंख्याखाली गेल्या. कोरा कागद, पेन तिथंच राहिलं. शेडमध्ये उरलो आम्ही तिघं. पारा एकोणपन्नासावर होता. मॅनेजरचा शर्ट पाठीला चिकटला. त्यानं रुमाल पिळला. मग गाठीवर बसला आणि म्हणाला, "जरा पाणी द्या."

लीलाबाई हलल्या नाहीत. "गाडी भरल्याशिवाय कोनी हलाचं नाई," त्या म्हणाल्या.

त्याचा चेहरा असा उतरला की मला ते बघवेना. मी गुंडाकडे हात नेला. लीलाबाईंनी माझं मनगट धरलं. त्या पकडीची खूण दुसऱ्या दिवशीही होती. "सर, अजून नाई." आणि मी थांबलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी त्या दुपारी थांबलो, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात दयेपेक्षा वेगळं काहीतरी होतं.

"तो पिऊन होता, हे तुमी पाह्यलं होतं?" लीलाबाईंनी विचारलं.

"मला तसं सांगण्यात..."

"पाह्यलं होतं का?"

"नाही."

"मंग लिवा."

त्यानं लिहिलं: 'मयत दारू प्यायलेला होता असे मी पाहिलेले नव्हते. त्या दिवशी कामगारांना पाणी पिण्यास जाऊ दिले नाही.' दुसरं वाक्य त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खाली सही केली. तेव्हा लीलाबाईंनी गुंड उचलला, पण त्याच्या हातात दिला नाही. त्याच्या पायापाशी जमिनीवर ठेवला. पाणी मी ओतून दिलं.

पुढं अधिकारी बाईंनी त्याला गार खोलीत बसवून तोच जबाब पुन्हा विचारला. मला वाटलं, आता फिरेल. फिरला नाही. जुन्या कागदावरची ओळ रद्द झाली.

रद्द झाल्याचं पत्र घेऊन घरी परतताना वाटेत लीलाबाई म्हणाल्या, "सर, तुमी एवढी गावं पाह्यली. मले इचारा ना, मले कोन्तं हवामान आवडते."

"कोणतं?"

"आपलं. मे महिन्यातलं. थंड हवेत त्यानं इतकी वर्षं खोटं जपलं. इथं एक घंटा नाई जपता आलं."

मला वाटलं, आता संपलं. पण लीलाबाईंचा हिशेब गावातल्या माणसांशीही होता. त्यांनी जबाबाच्या पंधरा झेरॉक्स काढल्या. ज्या ज्या घरात 'पिऊन मेला' असं बोललं गेलं होतं त्या प्रत्येक घरी गेल्या. दारात उभं राहून मोठ्यानं वाचायच्या, वाचून झालं की कागद उंबऱ्यावर ठेवायच्या. पुलगावला मी सोबत होतो. ज्या मुलाशी लग्न मोडलं होतं त्याची आई चहा ठेवायला उठली. लीलाबाई म्हणाल्या, "चहा राहू द्या. आयका." शेवटच्या शब्दापर्यंत त्या बाईला उभ्यानं ऐकावं लागलं. चहा न घेता आम्ही निघालो. बसमध्ये मी म्हणालो, "त्या बाई रडत होत्या." लीलाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माही पोरगीही रडली होती. तवा बसमधे बसून तिले पाहाले कोनी आलं नव्हतं."

मी कधी ठरवू शकलो नाही की हे योग्य होतं की नाही. एवढंच सांगतो, त्यानंतर गावात श्रावणबद्दल कोणी वावगं बोललं नाही.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी लीलाबाईही निवृत्त झाल्या. त्या उन्हाळ्यातलं मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. रोज बारा वाजता त्या जिनिंगच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहत आणि आत हाक मारत, "चाला रे, बाहेर निंगा!" एकेक हमाल घाम पुसत बाहेर येई आणि फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसे. चौकीदार दुसरीकडे बघे.

एक दिवस नवा मॅनेजर तणतणत आला. तिशीचा, टाय लावलेला. "बाई, तुम्ही कोण? कोणाच्या परवानगीनं?"

"श्रावणची बायको," त्या म्हणाल्या.

त्याला नाव माहीत असावं. उन्हात तसाच उभा राहिला, मग हळूच सावलीच्या कडेला सरकला.

लीलाबाईंनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. "इथं नाई साहेब. ही सावली हमालायची आहे. तुमी आपल्या केबिनमधे जा, तिथं पंखा आहे."

हमाल हसले, आधी दबून, मग मोकळेपणानं. मॅनेजर निघून गेला. तीन वाजेपर्यंत त्या झाडाखालून कोणी उठलं नाही.