देवघरातली डबी

दिघीच्या आमच्या घरात औषधं देवघरात ठेवायची. देवाच्या पायाशी ठेवलेली गोळी लवकर लागू पडते, असं सासऱ्यांचं म्हणणं. सासूची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, तिला पाकिटातून गोळी काढता येत नसे. म्हणून सासरे मधुमेहाच्या गोळ्यांची अख्खी पाकिटं एकदमच सोलून स्टीलच्या डबीत भरत. त्याच डबीत देहूचे साखरफुटाणे. रोज पूजा झाली की सासू त्यातला एक माझ्या तीन वर्षांच्या मुलीच्या तळहातावर ठेवायची. गोळ्या वेगळ्या ठेवा, असं मी कितीदा तरी सांगितलं. "आमच्यात असंच हाय," म्हणून सासऱ्यांनी मला उडवून लावलं.

एका सकाळी नवरा चाकणला फर्स्ट शिफ्टला गेला होता. मी देवघरात डोकावले तर मुलगी आडवी पडलेली, घामानं चिंब, डोळे फिरलेले. शेजारी उघडी डबी. मी तिला गदागदा हलवलं, थोबाडीत मारल्या, डोळे उघड म्हणून किंचाळले.

सासरे धावत आले, मागोमाग सासू. डबी पाहिली आणि त्यांनी पितळी समई उचलून सासूच्या कपाळावर हाणली. "नात खाल्लीस व्हय गं!" रक्त तिच्या डोळ्यांत उतरलं. तिनं आडवा हातसुद्धा धरला नाही. समई पुन्हा वर गेली तेव्हा पोरीला कडेवर घेऊन मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. "मामा, गोळ्या तुम्ही सोलल्यात! तुम्ही!" तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. आजही मला त्याची लाज वाटत नाही.

एकाच रिक्षात तिघी दवाखान्यात गेलो. मुलीच्या रक्तातली साखर पार उतरली होती, ती सलाईनमधून चढवावी लागली. जगेल का, हे डॉक्टर कितीतरी वेळ सांगेनात. दुपारी तिनं डोळे उघडले, समोर आजी दिसली आणि सवयीनं तळहात पुढे केला. कपाळाला पट्टी बांधलेली माझी सासू मागे सरकली. "न्हाई बाळा, माझ्याकडं काय न्हाई."

आता गोळ्या पाकिटातच असतात, कुलपाच्या कपाटात. किल्ली माझ्याकडे. सासूला गोळी मीच काढून देते. पूजा झाली की मुलगी अजून आजीपुढे हात पसरते, आणि सासू दोन्ही हात पदराखाली घेते. सासरे शेजारीच पेपर वाचत बसलेले असतात.