ओली काच

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला मीच. हे मी न लाजता सांगतो. पण ही हकीकत सांगताना आजही जीभ अडखळते.

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची गोष्ट. मी मुंबईला कॉलेजात होतो, सुटीत अमरावतीला घरी आलो होतो. वडील कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला गेलेले. तेवढ्यात मुंबईचा एक तसबीरवाला गावात उतरला. बायकोची तसबीर सोबत न्यावी असं माझ्या मनाने घेतलं. आईला कसंबसं वळवलं. तसबीरवाला अंगणात कॅमेरा आणि काळा तंबू मांडू लागला तेव्हा बायको म्हणाली, "मले भेव लागते. परक्या माणसासमोर तोंड उघडं टाकून बसू?"

"भिण्यासारखं काय आहे त्यात? शास्त्र आहे हे." शास्त्र हा शब्द त्या दिवसांत मी फार वापरत असे.

खुर्चीमागे एक लोखंडी दांडा होता, त्याला चिमट्यासारखे दोन हात. मान हलू नये म्हणून ते त्याने तिच्या कानांमागे घट्ट बसवले. घरात वडीलधाऱ्यांपुढे तिने कधी नजर वर केलेली नव्हती.

"बाई, पदर मागे घ्या. अजून मागे. हनुवटी वर. माझ्याकडे बघा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

तिने डोळे माझ्याकडे वळवले. उठू का, असं विचारत होती. मी म्हणालो, "हालू नको."

भिंगावरचं झाकण काढून तो मोठ्याने आकडे म्हणू लागला. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती.

मग काळ्या तंबूत जाऊन त्याने काच औषधांतून काढली आणि बाहेर आणून काळ्या कापडावर धरली. चेहरा उमटला. खाटकाच्या दाराशी बांधलेल्या शेळीचे असतात तसे डोळे. तो मात्र खूश होता.

"कागदावरची छाप तुम्हाला देतो. काच माझी. उद्या अकोल्याला निघतोय, तिथे तंबूच्या दाराशी हीच लावतो. असे डोळे पाहून गिऱ्हाईक थांबतं."

अकोल्यात वडील होते. तसबीर त्यांनी पाहिली असती तर मला चार शब्द ऐकावे लागले असते, पण तिला माहेरी धाडलं असतं, कायमचं. मी हात जोडले. "दादा, तेवढी काच द्या."

"कॉलेजात जाता ना? मग घाबरता कशाला? शास्त्र आहे," तो हसला. "आता रोगण चढवतो. तोवर कोणी बोट लावू नका, पुसून जाईल." काच भिंतीशी टेकवून तो बाटली आणायला तंबूत गेला.

ती खांबाशी उभी होती. सरळ चालत आली, काचेवर अंगठा टेकवला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढला.

तो धावत आला. काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुन्हा बसवा यांना."

तिने पदर पुढे ओढला. "मानेवर सुरी ठेवली तरी बसत नाही," ती मला म्हणाली.

मी तिला बसवलं नाही. त्या दिवशी मला जमलं ते एवढंच.

चौथ्या दिवशी वडील परतले. काचेवरच्या औषधाने तिचा अंगठा काळा पडला होता, राखेने घासूनही निघत नव्हता. ती वाढत असताना वडिलांची नजर तिकडे गेली. सासऱ्याशी सून बोलत नसे, म्हणून त्यांनी आईला विचारलं, "इच्या अंगठ्याले काय झालं वं?"

बोलायला हवं होतं मी. मुंबईत इंग्रजीतून वादविवाद गाजवणारा मी भाकरीकडे पाहत राहिलो.

"बिबा फोडून राहिली होती," आई म्हणाली. "तेल लागलं बोटाले, काळं पडलं."

वडिलांनी वरणात भाकर कुस्करली. "जपून फोडत जाय म्हणा."

ती माझ्या ताटाशी आली तेव्हा अंगठा पदरात होता. तिने वाढलं. माझ्याकडे पाहिलं नाही.