पळसाच्या पानांचा मी

मी ट्रक-ड्रायव्हर माणूस. गाडी बंद पडली तर कुठेतरी कचरा अडकलेला असतो, तो काढला की चालू होते... भुताखेतांना माझ्या डोक्यात कधी जागा नव्हती, आजही फारशी नाही. तरी हे लिहितोय, कारण मनात ठेवून ठेवून ते आंबलंय.

माझं गाव खालापूरजवळ, पाताळगंगेच्या काठावर. लढाईत पलटणीचा ट्रक चालवायला मी ब्रह्मदेशात गेलो. पंचेचाळीस सालच्या फेब्रुवारीत इरावती ओलांडताना आमची होडी उलटली. मी वाहत जाऊन भलत्याच पलटणीच्या हॉस्पिटलात पडलो आणि घरी ‘बेपत्ता’ अशी तार गेली. बरा झाल्यावर मी खुशालीचं कार्ड टाकलं. ते पोचलंच असणार, असं धरून चाललो.

वैशाखी पौर्णिमेला सुट्टी मिळाली. मी आणि माझ्या जोडीचा ड्रायव्हर पांडू, नेरळचा, मंडालेच्या खालच्या अंगाला एका टेकडीवरची बुद्धमूर्ती बघायला गेलो. चुन्याने पांढरी केलेली, बसलेली मूर्ती. एवढी मोठी की पायाचं नख सुपाएवढं! त्या दिवशी त्यांचा सण. टेकडीच्या पायथ्याशी बायका पिंपळाला पाणी घालत होत्या. वर मात्र पाण्याचा थेंब नव्हता... हे लक्षात ठेवा.

भर दुपार. बूट खाली काढून ठेवलेले. मूर्तीसमोर उभा राहिलो आणि पाय भाजायला लागले. फरशी तापलीय, एवढंच वाटलं. पण भाजणं पायांवर थांबेना. पोटऱ्या, मांड्या, छाती... धुरानं गुदमरावं तसा श्वास कोंडला. धूर कुठेच नव्हता. मग डोक्यात ‘टक्’ असं काहीतरी फुटलं.

“काय फुटलं रं?” पांडू दचकून म्हणाला. म्हणजे ते त्यालाही ऐकू गेलं होतं!

मी खाली बसलो. आणि तेवढ्यात डाव्या अंगावर कुणीतरी भरली कळशी ओतावी तसं गार पाणी पडलं. मागे वळलो, कोणी नाही. पांडूनं माझा शर्ट पिळला, पाणी फरशीवर सांडलं. उजवी बाजू कोरडी ठणठणीत. बाहीला नदीतल्या शेवाळाचा एक हिरवा धागा चिकटला होता. “चल हितनं,” एवढंच तो बोलला. जरा वेळानं अंग पुन्हा भाजायला लागलं, आणि पुन्हा पाणी आलं. तिसऱ्यांदा मात्र आलं नाही. तो दाह संध्याकाळपर्यंत सोसला.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सुटून गावी आलो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ओटीवर होता. मला बघून त्याचं तोंड उतरलं. आनंद काही दिसला नाही.

“आमी तुजं समदं रीतीनं केलं,” तो म्हणाला. “वैशाखी पुनवंला. पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याला नारळ लावला. नारळ फुटला बी नीट.”

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पुतळा जाळायचा, अशी रीत. माझ्या भावाला तीन-चार महिने पुरले. पुतळा जळल्याशिवाय माझी बायको यमुना विधवा ठरत नव्हती, आणि ती विधवा झाल्याशिवाय तिचा दुसऱ्याशी पाट लावून तिला घराबाहेर काढता येत नव्हतं. ते झालं, तिला कर्जतकडे धाडलं आणि माझी भातखाचरं दादाची झाली. माझं कार्ड त्यानंतर पोचलं. आता मला पुन्हा माणसांत घ्यायचं तर भटाला बोलवून माझं बारसं करावं लागेल, असं तो वर म्हणाला. मी त्याच्या दारातलं पाणीही घेतलं नाही. आजवर घेतलेलं नाही.

यमुनेला एकदा बघावं म्हणून कर्जतकडे गेलो. तिचा नवरा शेतावर होता. कडेवर पोर घेऊन ती अंगणात आली, मला बघून खांबाला टेकली. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, कुणाही पाहुण्याला आणावा तसा.

“बायांनी मसणात जाऊ नय म्हनत्यात,” ती खाली बघत म्हणाली. “मी गेलते. मानूस जित्ता हाय माजा, जाळू नका म्हनून नदीची कळशी वतली. डावीकडनं इजलं. थोरल्या भावजींनी परत पेटवलं. मी परत वतली. मंग मला धरून ठेवली.”

मी तांब्या खाली ठेवला. पांडू सोडून कुणालाही न सांगितलेली ती टेकडीवरची गोष्ट मी तिला सांगितली.

“मला पोचलं होतं पाणी,” मी म्हणालो.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं.

“मंग आलात का नाय?”

पोर रडायला लागलं, ती आत गेली. मी अंगणातून बाहेर पडलो.

मूर्तीपुढे शर्ट कसा भिजला, हे मी शिकल्यासवरल्या पुष्कळांना विचारलंय. कुणी उन्हाचा झटका म्हणतं, कुणी हसतं. मला स्वतःला काहीच सांगता येत नाही... तिला तरी काय सांगणार होतो?