लग्न लावणारे अध्यक्ष

गाडी सुटायला आली की बाहेरून पत्र्यावर थापा पडायच्या आणि मागोमाग खणखणीत आवाज यायचा, "रोखा कंडक्टरसाहेब, जनता येऊन राह्यली!"

मी डोकं बाहेर काढून बघायचो. जनता म्हणजे डोक्यावर टोपली घेतलेली एखादी म्हातारी, आणि तिच्या मागे खुद्द अध्यक्ष. पांढरा सदरा, खांद्यावर पिशवी, हातात चपला. पळताना चपला झिजतात म्हणून ते त्या काढून घ्यायचे.

मी तेव्हा यवतमाळहून घाटंजीच्या पुढे जाणाऱ्या मोटारीवर कंडक्टर होतो. अध्यक्षांचं गाव वाटेत लागायचं. ते एका लहानशा पक्षाचे तालुका अध्यक्ष. पक्ष इतका लहान की सतरंजीही त्यांनीच अंथरायची, भाषणही त्यांनीच करायचं आणि शेवटी आभारही त्यांनीच मानायचे. पण सगळा मुलूख त्यांना अध्यक्षच म्हणायचा. त्यांची बायकोसुद्धा दारात उभी राहून सांगायची, "अध्यक्ष घरी नाहीत जी, सभेले गेले." असा एखादा पुढारी तुमच्याही गावाकडे असेल. त्याच्यावर हसताना आपण जरा जपूनच हसतो.

छप्पन सालच्या दसऱ्याला ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्यांच्यासोबत वस्त्याच्या वस्त्या बौद्ध झाल्या. घरातले देव गेले, लग्नाचा जोशी बंद झाला. पण म्हणून पोरींची लग्नं थोडीच थांबतात? नव्या रीतीनं लग्न कसं लावायचं, त्रिशरण-पंचशील कसं म्हणायचं, गाथा कोणत्या, हे आमच्या भागात एकट्या अध्यक्षांना ठाऊक होतं. नागपूरला मुक्काम ठोकून त्यांनी ते पाठ करून आणलं होतं. झालं! पक्ष राहिला बाजूला आणि अध्यक्ष लग्नं लावत फिरू लागले.

या लग्नाला मुहूर्त नसे. मग वेळ कशावरून ठरणार? माझ्या गाडीवरून. "अध्यक्ष दुपारच्या मोटारीनं येतील, ते आले का लगन," असं लोक एकमेकांना सांगायचे. गाडीला उशीर झाला की मांडवातली माणसं रस्त्यावर येऊन माझ्यावर डोळे वटारायची. मला पगार तिकिटं फाडण्याचा होता, मुहूर्त काढण्याचा नव्हता; पण हे सांगायचं कोणाला?

एकदा भर उन्हाळ्यात ते घोंगडी पांघरून गाडीत चढले. हिवतापानं दात वाजत होते. मी म्हणालो, "अध्यक्ष, एक दिवस नाही गेले त काय होते?"

"जोशी येते," ते म्हणाले.

मग त्यांनीच समजावलं. "घराघरात बुढे लोक टपून बसले हायेत कंडक्टरसाहेब. एक लगन अडलं ना, का ते म्हणतीन, पाहा, आपलं जुनंच बरं होतं. एक घर मागं फिरलं का मंग सारी वस्ती फिरते. मी खाटेवर पडून कसं चालंल?"

कोणाला तरी शिकवून तयार करावं, हाही प्रयत्न त्यांनी केला. एक जण तयार झाला आणि पोटासाठी नागपूरच्या मिलमध्ये गेला. दुसऱ्याला सगळं पाठ होतं, पण मांडवात उभा राहिला की त्याची वाचा बसायची. अध्यक्षांना हा घोर कायमचा लागलेला होता.

सत्तावनला ते विधानसभेला उभे राहिले आणि साफ पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी जरा तोंड पाडूनच त्यांना जागा करून दिली. ते म्हणाले, "बरं झालं पडलो. निवडून आलो असतो त मुंबईले जा लागलं असतं. इथले लगनं कोणं लावले असते?" मला वाटलं, हरलेला माणूस मनाची समजूत घालतोय. पण चेहरा पाहिला, तर खरंच सुटल्यासारखा दिसत होता.

पुढे पक्ष फुटला. मुळात तो होता केवढा, पण फुटला. दुसऱ्या गटाचा अध्यक्ष झाला नेरचा एक शिंपी. तोही या काळात लग्नं लावायला शिकला होता. आता अध्यक्षांना हायसं वाटावं की नाही? पण दोन्ही गटांनी ठरवून टाकलं, त्यांच्या माणसानं आपल्या घरचं लग्न लावायचं नाही.

घाटंजीच्या पलीकडे माझी गाडी जिथून परत फिरायची, त्या खेड्यात एक लग्न होतं. नवरी अध्यक्षांच्या गटाची, नवरा नेरकडचा, शिंप्याच्या गटाचा. गाडी थांबलेली होती म्हणून मीही मांडवात चहाला गेलो. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत हार घेऊन उभे, आणि दोन्हीकडचे पुरुष हमरीतुमरीवर आलेले. लग्न आमचा अध्यक्ष लावील, नाही आमचा. शिंपी खाली बघत होता. अध्यक्ष हात जोडून म्हणत होते, "त्यायले लावू द्या, माही काही तक्रार नाही." पण त्यांचेच लोक त्यांना मागे ओढत होते. कोणीतरी खुर्ची उलटवली.

तेवढ्यात नवरीचा मामा ओरडला, "जोशालेच बलावतो मी! त्याचा पक्ष त फुटत नाही!"

काही जण हसले. एक म्हातारा खरंच जोडे शोधू लागला. अध्यक्षांचा चेहरा त्या क्षणी जसा झाला, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

मग बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला. नवरीची आजी, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण केलेली बाई, हात जोडून उभी राहिली होती आणि त्रिशरण म्हणत होती. शब्दांना वऱ्हाडी वळण लागलेलं, पण एकही सुटत नव्हता. तिच्या मागे इकडच्या बायका म्हणू लागल्या, मग नेरकडच्या. इतकी लग्नं बसून ऐकलेली, त्यांना सगळं पाठ झालं होतं आणि हे कोणा पुरुषाच्या गावीही नव्हतं. पंचशील झालं, गाथा झाल्या. भांडणारे पुरुष एकेक करून गप्प झाले आणि हात जोडून उभे राहिले. आजी म्हणाली, "घाल व पोरी हार." लग्न लागलं.

परतीच्या गाडीत अध्यक्ष माझ्याशेजारी बसले. लग्नातले लाडू खात होते. खाता खाता म्हणाले, "मी मुर्दाड पोरायले शिकवत बसलो. बायाइले इचारलंच नाही." आणि मग हसत सुटले. डोळे पुसले, पुन्हा हसले. "आज मले लय भूक लागली जी," म्हणाले. मला त्या माणसाचा फार लोभ वाटला.

पक्षाचे पुढे आणखी तुकडे झाले. अध्यक्ष कुठल्याच तुकड्याचे अध्यक्ष उरले नाहीत. लोक मात्र अध्यक्षच म्हणत राहिले.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात घाटंजीहून निघाल्यावर वाटेत एक वऱ्हाड गाडीत चढलं. मी यवतमाळची तिकिटं फाडायला लागलो, तर नवरीच्या बापानं अध्यक्षांच्या गावाचं नाव सांगितलं.

"अध्यक्ष गेले सकाळी. मातीले चाललो."

मी फाडलेली तिकिटं खिशात घातली. "आन लगन?"

"त्यायच्या बायकोचा निरोप आलता. थांबू नका म्हणे, लगन लावून मंग या."

"लावलं कोणं?"

त्यानं मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे एक बाई नातवाला मांडीवर घेऊन खिडकीशी पेंगत होती. मला एकदम रडू आलं, आणि रडता रडता जिवाला बरंही वाटलं.

त्या गावाशी अख्खी गाडी उतरली, नवरा-नवरीसुद्धा. पुढे यवतमाळपर्यंत ड्रायव्हर आणि मी, दोघंच होतो.